ती गोळी खरी नव्हतीच

ऑपरेशनआधी भूल देताना डॉक्टर शिरेतून जी औषधं सोडतात, त्यात बऱ्याचदा फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक असतं. बोटभर उंचीची काचेची अँप्युल, आत २ मिलिलिटर पाण्यासारखं औषध आणि त्यात १०० मायक्रोग्रॅम फेंटानिल. तुमचं अपेंडिक्स काढलं असेल किंवा घरात कुणाचं बायपास झालं असेल, तर हे औषध तुमच्या घरात कुणीतरी घेऊन झालंय असं समजायला हरकत नाही. कुणाला काही झालं नाही, कारण उशाशी भूलतज्ज्ञ बसलेला होता. पेशंट श्वास घेतोय ना, याच्यावरून त्याची नजर हटत नाही.

आता हिशेब करा. अमेरिकेची अमली पदार्थविरोधी यंत्रणा डीईए सांगते की सवय नसलेल्या माणसाचा जीव जायला २ मिलिग्रॅम फेंटानिल पुरू शकतं. म्हणजे २,००० मायक्रोग्रॅम. म्हणजे तसल्या २० अँप्युल. डोळ्यांना दिसायला मात्र मिठाचे दहा-पंधरा दाणे. २०२३ मध्ये डीईएने पकडलेल्या बनावट गोळ्या, म्हणजे औषधाच्या खऱ्या गोळीसारख्या दिसणाऱ्या चोरट्या गोळ्या, प्रयोगशाळेत तपासल्या, तेव्हा दर १० गोळ्यांपैकी ७ गोळ्यांत एवढं किंवा याहून जास्त फेंटानिल निघालं. गिळलेलं औषध सगळंच्या सगळं रक्तात उतरत नाही, त्यामुळे शिरेतल्या इंजेक्शनशी ही तुलना तंतोतंत जुळत नाही, हे मान्य. पण ती गोळी घेणारा मुलगा दार लावून आपल्या खोलीत एकटा असतो. त्याच्या उशाशी कुणी नसतं.

दाराच्या या बाजूला जे आईबाप होते, ते गेली काही वर्षं अमेरिकेत शाळाशाळांतून हिंडून हाच हिशेब सांगताहेत. कुणी गळ्यात मुलाचा फोटो अडकवून कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या पायऱ्यांवर उभं राहतं, कुणी हायस्कूलच्या जिममध्ये पाचशे कंटाळलेल्या पोरांसमोर. ते नेमकं काय सांगतात, आणि ते 'ड्रग्जपासून दूर राहा' या जुन्या उपदेशापेक्षा वेगळं का आहे, हे समजून घ्यायला आधी गोळी समजून घ्यावी लागते.

गोळी अशी असते. फिकट निळी, गोल, शर्टाच्या बटणाहून लहान. एका बाजूला चौकटीत एम, दुसऱ्या बाजूला ३० आणि मधोमध रेघ. खरी असेल तर हे ३० मिलिग्रॅम ऑक्सिकोडोन, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं वेदनाशामक. बनावट असेल तर ऑक्सिकोडोनचा पत्ताही नसतो, आत असतं फेंटानिल आणि भुकटी. शेजारी शेजारी ठेवल्या तर फार्मासिस्टही नुसत्या डोळ्यांनी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. झॅनॅक्स या चिंतेवरच्या आणि ॲडरॉल या एकाग्रतेसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचीही अशीच नक्कल होते.

बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी १९६० च्या सुमाराला शोधलेलं फेंटानिल मॉर्फिनच्या साधारण १०० पट जोरदार आहे. चोरट्या धंद्याला नेमका हाच जोर हवा असतो. अफू पिकवायची तर शेत लागतं, पाऊस लागतो, माणसं लागतात. फेंटानिलला रसायनं आणि एक शेड पुरते, आणि वजन इतकं कमी की गाडीच्या दारात लपवून सरहद्द ओलांडता येते. मेक्सिकोतल्या सिनालोआ आणि हालिस्को या टोळ्यांनी हाच धंदा धरला.

लोक विचारतात, गिऱ्हाईकच मेलं तर धंदा कसा चालायचा? मुद्दाम कुणी मारत नाही, हेच तर यातलं भयानक आहे. चिवडा आठवा. मोठ्या परातीत पोहे, डाळं, खोबरं, शेंगदाणे सगळं एकत्र केलं, तरी एका मुठीत आठ शेंगदाणे येतात आणि दुसऱ्या मुठीत एकही नाही. कितीही हलवा, सगळ्या मुठी सारख्या भरत नाहीत. औषधाच्या कारखान्यात प्रत्येक गोळीत तेवढंच औषध उतरावं म्हणून मिश्रणाची यंत्रं असतात, प्रत्येक बॅचचे नमुने तपासले जातात. टोळीच्या शेडमध्ये बादली असते, पावडर असते आणि गोळ्या दाबायचं यंत्र. एकाच पुडीतली एक गोळी मित्राने घेतली, त्याला गुंगी आली आणि सकाळी तो उठला. दुसरी ज्याने घेतली तो उठला नाही. म्हणूनच 'माझ्या मित्राने घेतली, त्याला काही नाही झालं' हा पोरांचा सगळ्यात भरवशाचा पुरावा इथे कुचकामी ठरतो. आईबाप शाळेत बोलतात तेव्हा बहुतेकदा या वाक्यापाशीच थांबतात, कारण मेलेल्या मुलानेही स्वतःची अशीच समजूत घातलेली असते.

मे २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा विद्यापीठात २२ वर्षांचा एक मुलगा असाच गेला. पदवी काही आठवड्यांवर आलेली. स्नॅपचॅटवरून त्याने पर्कोसेट म्हणून गोळी घेतली होती. पर्कोसेट म्हणजे ऑक्सिकोडोन आणि पॅरासिटामॉल, शस्त्रक्रियेनंतर तिकडे सर्रास दिलं जाणारं औषध. आत फेंटानिल निघालं. त्याच्या आईवडिलांनी 'सॉन्ग फॉर चार्ली' ही संस्था काढली. पोलिसांना आणि डॉक्टरांना जे माहीत होतं ते आपल्याला आणि आपल्या मुलाला का माहीत नव्हतं, हा त्यांचा प्रश्न होता. बातम्यांत फेंटानिल होतं, पण ते रस्त्यावर सुई टोचून घेणाऱ्यांच्या बातम्यांत. कॉलेजातला पोरगा त्या बातमीत स्वतःला कुठे शोधणार? मे २०२२ पासून या संस्थेच्या पुढाकाराने दरवर्षी वसंत ऋतूत राष्ट्रीय फेंटानिल जागृती दिवस पाळला जातो. डीईएनेही २०२१ मध्ये 'वन पिल कॅन किल' ही मोहीम काढली, आणि पुढच्या वर्षी व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनच्या मुख्यालयात मेलेल्यांच्या फोटोंची भिंत उभी केली. फोटो घरच्यांनीच पाठवलेले, खाली नाव आणि कायमचं थांबलेलं वय.

आकडे बघितले की या आईबापांची घाई कळते. १४ ते १८ वयोगटातली ४९२ मुलं २०१९ मध्ये अमेरिकेत ओव्हरडोसने गेली. २०२० मध्ये ९५४. एका वर्षात जवळजवळ दुप्पट. आणि गंमत अशी (गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही) की त्याच काळात नशा करणाऱ्या शाळकरी मुलांचं प्रमाण वाढलं नव्हतं, उलट घटत होतं. मुलं बिघडली नव्हती, माल बदलला होता. पूर्वीच्या पिढीने अठराव्या वर्षी जो मूर्खपणा केला आणि पुढे पार्टीत हसत सांगितला, तोच मूर्खपणा आता पहिल्या खेपेला जीव घेत होता. माझ्या मते या सगळ्या चळवळीचं सार या एका गोष्टीत आहे.

अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी हिने जुलै २०१९ ते डिसेंबर २०२१ या काळातल्या १० ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. सुमारे ८४ टक्के मृत्यूंत बेकायदा फेंटानिल होतं. सुमारे चौथ्या हिश्शात बनावट गोळ्यांच्या खुणा सापडल्या. साठेक टक्के मुलं घरातच गेली. आणि दोन तृतीयांश प्रकरणांत आसपास कुणी ना कुणी होतं. कुणी शेजारच्या खोलीत, कुणाला वाटलं झोपलाय.

त्या झोपेकडे मी शेवटी वळणार आहे. आधी एका शब्दाची भानगड.

हे पालक 'ओव्हरडोस' म्हणत नाहीत. त्यांचा शब्द आहे 'पॉयझनिंग', विषबाधा. डोस ठरलेला असेल तर त्याहून जास्त घेतला म्हणून ओव्हरडोस. ज्याने एक गोळी एक म्हणूनच घेतली आणि तिच्यात भलतंच निघालं, त्याने कसला डोस ओलांडला? हा युक्तिवाद मला पटतो. मराठी वर्तमानपत्रांनीही 'ड्रग्जच्या ओव्हरडोसने मृत्यू' असा छाप मारण्याआधी जरा थांबावं. पण या शब्दाला दुसरी बाजूही आहे. एकाला 'विषबाधा झालेला निष्पाप' म्हटलं की आपसूक दुसरा 'व्यसनी, त्याच्या कर्माने गेला' ठरतो. त्याच भिंतीवर दहा वर्षं व्यसनाशी झगडलेल्या पोराचाही फोटो असतो आणि त्याची आई त्याच रांगेत उभी असते. या दोन प्रकारच्या आयांमध्ये कधीकधी अवघडलेपण येतं. फेंटानिलला मात्र हा फरक कळत नाही.

शब्दावरून आठवलं. तिकडेही श्रद्धांजलीच्या मजकुरात 'अचानक निधन' लिहून विषय मिटवायची रीत आहे. आपल्याकडे तर आहेच. व्हॉट्सॲपवर 'दुःखद निधन', खाली हात जोडलेले, आणि कुणी विचारलंच तर हार्ट अटॅक. या कुटुंबांनी पहिलं काम केलं ते कारण लिहिण्याचं. मुलाचं नाव, वय, फुटबॉल खेळायचा, कुत्रा आवडायचा, आणि फेंटानिलने गेला. लोक काय म्हणतील, याची भीती त्यांनाही होती. पण लपवलेल्या मृत्यूपासून शेजारच्या घरातलं पोर काय शिकणार?

गोळी पोरांपर्यंत पोचते फोनवरून. कोपऱ्यावरचा काळ्या जॅकेटातला माणूस आता लागत नाही. स्नॅपचॅटवर इमोजींची यादी येते. डीईएने २०२१ मध्ये पालकांसाठी या सांकेतिक खुणांचा तक्ताच छापला: केळं म्हणजे पर्कोसेट, चॉकलेटची वडी म्हणजे झॅनॅक्स, आगगाडी म्हणजे ॲडरॉल. मेसेज वाचला की आपोआप पुसला जातो, म्हणजे नंतर पोलिसांच्या हाती काही लागायचं नाही. २०२२ मध्ये काही कुटुंबांनी लॉस एंजेलिसच्या कोर्टात स्नॅपचॅट चालवणाऱ्या स्नॅप कंपनीवर दावा लावला. अमेरिकेत इंटरनेट कंपन्यांना एक मोठं कायदेशीर कवच आहे, कलम २३०: दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराला आम्ही जबाबदार नाही. कुटुंबांचा वकिली डाव असा की आम्ही मजकुराबद्दल बोलतच नाही, पुसले जाणारे मेसेज आणि अनोळखी माणसांशी जोडून देणारी सोय ही तुमच्या वस्तूची घडण आहे, आणि घडणच सदोष आहे. जानेवारी २०२४ मध्ये न्यायाधीशांनी यातले काही मुद्दे पुढे चालवायला परवानगी दिली. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सिनेटच्या सुनावणीत स्नॅपच्या प्रमुखांनी, ॲपवरून ड्रग्ज घेऊन मुलं गमावलेल्या पालकांची माफी मागितली. मागच्या बाकांवर आईबाप फोटो घेऊन बसले होते.

या कुटुंबांचं सगळ्याच बाबतींत एकमत आहे असं समजू नका. काहींना विकणाऱ्यावर खुनाचा खटला हवा आहे. काहींना वाटतं की त्या भीतीने सोबतची पोरं ॲम्ब्युलन्सच बोलावणार नाहीत. फेंटानिल ओळखणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात. त्या वाटणं म्हणजे जीव वाचवणं की नशेला उत्तेजन, यावर घराघरात वाद आहेत. जुलै २०२५ मध्ये फेंटानिलसारखी सगळी रसायनं कायमची सर्वात कडक यादीत घालणारा कायदा झाला, तेव्हा काही पालकांना तो विजय वाटला आणि काहींना शिक्षेचा जुनाच मार्ग.

भीती दाखवण्यातही तारतम्य लागतं. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला 'डेअर' हा ड्रग्जविरोधी कार्यक्रम वर्षानुवर्षं पोलिसांना वर्गात पाठवत राहिला. नंतरच्या अभ्यासांत त्याने मुलांच्या नशेवर फारसा परिणाम झाल्याचं दिसलं नाही. मुलांना अतिशयोक्तीचा वास लगेच येतो. २०२२ च्या हॅलोविनला, म्हणजे पोरं दारोदार खाऊ मागत हिंडतात त्या सणाला, रंगीत फेंटानिलच्या गोळ्या लहान मुलांच्या खाऊत मिसळतील अशी आवई उठली. फुकट वाटण्याइतका दिलदार विक्रेता जगात नाही. फेंटानिलला नुसता हात लागला तर माणूस कोसळतो, हेही खोटं. विषशास्त्राच्या तज्ज्ञांनी २०१७ मध्येच ते स्पष्ट केलं आहे. असल्या अफवेमुळे बेशुद्ध पोराला हात लावायला लोक कचरतात, आणि तेवढ्यात मिनिटं निघून जातात.

आपल्याला याचं काय? भारतात बनावट फेंटानिल गोळ्यांची अशी लाट आलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीत जो साठा सापडला तो एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा. ते उत्तेजक आहे, याच्या उलट्या जातीचं. पण आपला एक धागा या साखळीत आहे. फेंटानिल ज्यापासून बनतं ती रसायनं मुख्यतः चीनमधून जातात, आणि अलीकडे अमेरिकी तपास भारताकडेही वळला आहे. जानेवारी २०२५ मध्ये गुजरातमधल्या दोन रसायन कंपन्यांवर न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात आरोपपत्र दाखल झालं.

दुसरा धागा जास्त जवळचा. दरवर्षी पुण्या-नाशिकहून पोरं एमएस करायला जातात, आणि तिकडे वाढलेली मराठी मुलं तर शाळांत आहेतच. आपल्या घरांत 'आमचा नाही त्यातला' हा विश्वास फार. तो खराही असेल. पण परीक्षेच्या आठवड्यात रात्रभर जागायला रूममेटकडून ॲडरॉल मागणारा पोरगा स्वतःला नशेबाज समजत नाही, अभ्यासू समजतो. मे २०२२ मध्ये, परीक्षांच्याच दिवसांत, ओहायो स्टेट विद्यापीठातले दोन विद्यार्थी गेले, आणि विद्यापीठाने बनावट ॲडरॉलबद्दल सावधगिरीचा इशारा काढला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत खऱ्या ॲडरॉलचा तुटवडा जाहीर झाला. दुकानात मिळेना, की फोनवर मिळतंच.

ओरेगनमधल्या बीव्हर्टनमध्ये, जिथे शेजारच्या इंटेलमुळे मराठी घरं बरीच आहेत, डिसेंबर २०२० मध्ये कॉलेजच्या सुट्टीत घरी आलेला एक १८ वर्षांचा मुलगा बनावट गोळीने गेला. त्याचे आईवडील शाळा प्रशासनाकडे गेले, आणि तिथून शाळांसाठी 'फेक अँड फेटल' नावाचा अभ्यासक्रमच तयार झाला. बनावट आणि जीवघेणी, एवढेच दोन शब्द. त्यात उपदेश कमी आणि माहिती जास्त, म्हणून मला तो आवडतो. फार्मसीच्या डबीतून, तुझ्या नावाची चिठ्ठी लावून आली नसेल, तर ती गोळी बनावट समज. मुलाशी बोलताना आईबाबांनी एवढं एक वाक्य नीट सांगितलं तरी चालेल, आणि ते 'तू असलं काही करत नाहीस ना?' अशा चौकशीच्या सुरात सांगू नये.

आता झोपेबद्दल. विहिरीत बुडी मारून तळाशी जास्त वेळ राहिलात तर छाती फुटायला लागते, तसं का होतं? ऑक्सिजन संपला म्हणून नव्हे. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि मेंदूच्या बुंध्यातली घंटा वाजायला लागते: वर चल, श्वास घे. फेंटानिल नेमकी ही घंटा बंद करतं. आत गुदमरत असतं, पण शरीराला घाई वाटत नाही. श्वास विरळ होतो, मिनिटाला दहा, सहा, तीन. घसा सैल पडतो आणि हवा त्यातून खरखरत जाते. बाहेरून ते घोरण्यासारखं ऐकू येतं. किती आईबापांनी पुढे सांगितलंय की आम्ही दारावरून गेलो, घोरण्याचा आवाज आला आणि वाटलं, चला, आज एकदाचा वेळेवर झोपला.

कधी न घोरणारं मूल खरखरत, गुरगुरत घोरत असेल तर दार उघडायचं. हाक मारायची, छातीच्या मधल्या हाडावर मुठीची पेरं जोरात चोळायची. त्याने न उठणारं माणूस झोपलेलं नसतं. ओठ आणि नखं निळसर किंवा राखाडी पडलीत का, बघायचं, आणि ९११, म्हणजे अमेरिकेतला आणीबाणीचा नंबर लावायचा. जवळजवळ सगळ्या राज्यांत मदत मागणाऱ्याला ड्रग्ज बाळगल्याच्या गुन्ह्यापासून कायद्याचं संरक्षण आहे. मग नालोक्झोन, ज्याचा नाकात मारायचा स्प्रे नार्कन नावाने मिळतो. मेंदूतल्या ज्या जागांवर फेंटानिल बसलेलं असतं, तिथून ते त्याला ढकलून देतं आणि स्वतः बसतं. घंटा पुन्हा वाजते. फेंटानिल नसेलच तर या स्प्रेने नुकसान होत नाही, त्यामुळे शंका असली तरी मारायचा. मार्च २०२३ मध्ये तो चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. दुकानांत आली तेव्हा दोनची डबी साधारण ४५ डॉलरला होती, आणि बऱ्याच ठिकाणी आरोग्य खातं फुकट देतं. सप्टेंबर २०२२ मध्ये हॉलिवूडमधल्या एका हायस्कूलच्या स्वच्छतागृहात १५ वर्षांची मुलगी गेली, त्यानंतर लॉस एंजेलिसच्या शाळा प्रशासनाने सगळ्या शाळांत तो ठेवायला घेतला.

अमेरिकेत २०२३ मध्ये ओव्हरडोसचे मृत्यू १,०५,००० च्या आसपास होते, २०२४ मध्ये ते ८०,००० च्या आसपास आले. त्यात नालोक्झोनचा वाटा किती, आईबापांच्या बोलण्याचा किती आणि बाजारातला मालच पातळ झाल्याचा किती, यावर तज्ज्ञ अजून भांडताहेत.

पुन्हा त्या स्प्रेकडे. एका स्प्रेने दोन-तीन मिनिटांत श्वास आला नाही तर दुसरा दुसऱ्या नाकपुडीत. तोवर डोकं मागे करून, नाक दाबून तोंडाने श्वास देत राहायचं, दर पाच सेकंदांनी एक. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवायचं, म्हणजे उलटी घशात अडकत नाही. मूल डोळे उघडेल, वैतागेल, मला काही झालेलं नाही म्हणेल. तरी आलेली ॲम्ब्युलन्स परत पाठवायची नाही, कारण स्प्रेचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि फेंटानिल त्यानंतरही अंगात उरलेलं असू शकतं.